घर जळालं, दोन कुत्री सोबत आहेत – बांधकाम होईपर्यंत त्यांना कसं सांभाळावं?

चिरेबंदी | २० फेब्रुवारी २०२५

देवरुखपासून थोडं आत आमचं घर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, माळ्यावर लाकूडफाटा आणि पेंढा. जानेवारी संपता संपता एका रात्री माळ्यावरच्या जुन्या वायरिंगमध्ये शॉर्ट सर्किट झालं आणि पेंढ्याने पेट घेतला. अख्खी वाडी धावली. विहिरीवरचा पंप लावला, शेजारच्या काकांनी आत घुसून सिलिंडर बाहेर काढला. बंब येईपर्यंत छप्पर खाली बसलं होतं. भिंती उभ्या आहेत. मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा, चौघंही धड आहोत.

धागा काढलाय तो आमच्या दोन कुत्र्यांसाठी. तांबू अकरा वर्षांचा, गावठी, माजघरात झोपणारा. ठकी तीन वर्षांची, तिचा मुक्काम पडवीत. ठकीने भुंकून भुंकून सगळ्यांना उठवलं. तांबू मात्र बाहेर पळायच्या ऐवजी सासूबाईंच्या खाटेखाली शिरला. नवऱ्याने त्याला मानेच्या कातड्याला धरून ओढत बाहेर आणला. मिशा आणि भुवयांचे केस जळून कडक झालेले, हात लावला की भुगा होत होता. पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्या सोलवटलेल्या. पण बाहेर आल्यावर तो सासूबाईंना शोधत सगळ्या माणसांतून फिरला, त्यांच्या पायाशी पोचला तेव्हाच खाली बसला.

सध्या आम्ही शेजारच्या रिकाम्या गोठ्यात राहतोय. चारी बाजूंनी माडाच्या पानांचे झाप लावलेत, वर ताडपत्री आहे. पावसाच्या आत छप्पर चढवायचं ठरलंय. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "कुत्री तेवढी नणंदेकडे पुण्याला पाठव, काम सुटसुटीत होईल." मला ते पटत नाही. तांबूचं घर म्हणजे आम्ही आणि ही वाडी. त्यातलं छप्पर गेलं, आता माणसंही काढून घ्यायची? ठकी तर जळक्या जोत्यावरून हलायला तयार नाही. दिवसभर राखेत बसते, बोलावलं की येते, खाते आणि परत तिथेच.

ज्यांनी असं काही निभावलंय त्यांनी कृपया लिहा. तांबूला अजून अधूनमधून खोकला येतो. राडारोडा उचलताना काय जपायचं? कामावर गवंडी, सुतार असतील तेव्हा यांना कुठे ठेवायचं?

---

रानवाट | २० फेब्रुवारी

ताई, वाचून पोटात कालवलं. माणसं आणि कुत्री वाचली यातच सगळं आलं. ठकीला माझ्याकडून एक मोठी पापी. जाणकार लिहितीलच.

---

गुरांचा_डॉक्टर | २० फेब्रुवारी

ताई, आधी खोकल्याचं. धुराचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढत जातो, म्हणून आगीतून सुटलेलं जनावर वरून ठीक दिसलं तरी तपासून घ्यावं लागतं. तुमच्याकडे तो काळ सरलाय. पण तीन आठवड्यांनी खोकला टिकून असेल तर फुप्फुसात जंतुसंसर्ग आहे का ते बघायलाच हवं. त्यात वय अकरा, म्हणजे हृदयही तपासायला हवं. छातीचा एक्स-रे होत असेल तिथे न्या.

घरी एक काम रोज करा. तांबू गाढ झोपलेला असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजा. तिसाच्या आत असेल तर बरं. सलग तिसाच्या वर जायला लागला, किंवा हिरड्या निळसर-राखाडी दिसल्या, तर सकाळची वाट बघू नका.

पंजांना हळद, तूप, टूथपेस्ट यातलं काही लावू नका. कुणी आत्ताच भाजलेलं कुत्रं घेऊन हे वाचत असेल तर भाजलेल्या जागेवर साधं गार पाणी दहा-पंधरा मिनिटं वाहू द्या, बर्फ नको. जखमेवर सहसा सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम देतो, पण ते चाटून पोटात जाऊ नये म्हणून वर पट्टी आणि गळ्यात कॉलर हवी. पट्टी ओली झाली की लगेच बदलायची. आणि घरातली दुखण्यावरची गोळी हरगिज देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते. पॅरासिटामॉलही मनाने द्यायचं औषध नाही.

गावातून दवाखाना लांब असेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे. गाडी मुख्यतः गुरांसाठी फिरते, पण फोन करून विचारायला काहीच हरकत नाही.

ठकी राखेत बसते ते आजच्या आज थांबवा. लाकडाची राख ओली झाली की क्षार सुटतो, तो पंजांना आणि पोटाच्या कातडीला जाळतो. शिवाय ती अंग चाटून साफ करते, म्हणजे राखेत जे काही मिसळलंय ते पोटात. संध्याकाळी कोमट पाण्याने पाय आणि पोट धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

---

वासे_आणि_रिपा | २१ फेब्रुवारी

मी बांधकामातला माणूस, म्हणून त्या बाजूने लिहितो.

घराला कुठे सिमेंटचे पत्रे होते का? पडवीला, न्हाणीघराला? आपल्याकडच्या जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. आगीत ते फुटून उडतात आणि धागे मोकळे होतात. ते तुकडे झाडूने लोटू नका, फोडू नका. पाणी मारून ओले करा, जाड प्लास्टिकमध्ये बांधून बाजूला काढा. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही. त्या वेळी कुत्री आणि मुलगा आवाराबाहेरच हवेत.

लाकडाचं लगेच सरपण करू नका. किंजळीचं, फणसाचं किंवा सागाचं जाड आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) वरून काळं ठिक्कर पडलं तरी आत शाबूत असू शकतं. कोळशाचा थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. लाकूड साधारण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने आत जळत जातं. सुताराकडून तासून घ्या, पक्कं लाकूड लागेपर्यंत. वासे आणि रिपा बारीक असतात, त्या गेल्या समजा.

लिंटेल, स्लॅब काही काँक्रीटचं असेल तर गिलावा काढून रंग बघा. गुलाबी झाक आली असेल तर काँक्रीटने तीनशे अंशांच्या वर ताप सोसलाय. हातोडीने ठोका. बद्द आवाज आला तर इंजिनिअर बोलवा, पैसे वाचवायला जाऊ नका.

नवीन वायरिंग पाइपातून घ्या, उंदीर कुरतडतात. एमसीबीबरोबर तीस मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवाच. आणि माळ्यावर पेंढा परत कधीच नको.

---

व्यवहारी | २१ फेब्रुवारी

स्पष्ट लिहितो, राग नसावा. माणसं गोठ्यात राहताहेत, म्हाताऱ्या सासूबाई आहेत, मुलाची शाळा आहे. अशा वेळी कुत्र्यांचे पंजे धुणं आणि श्वास मोजणं हे कितपत परवडणारं आहे? चार महिने पुण्याला राहिली तर काय बिघडणार? बांधकामावर खिळे, काचा, चुना. त्यांच्याच भल्यासाठी पाठवा.

---

चिरेबंदी | २२ फेब्रुवारी

व्यवहारी, राग नाही. खिळ्या-काचांचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, म्हणून तर विचारायला आले. पण परवडण्याचं म्हणाल तर एक सांगते. आगीनंतर सासूबाई बोलतच नव्हत्या. त्यांची पितळेची भांडी, नऊवारी लुगडी, सासऱ्यांचा फोटो, सगळं गेलं. सकाळी त्यांना उठवायला कुणी जायचं हाच प्रश्न असायचा. तांबूला पहाटे बाहेर जायचं असतं आणि पंजा दुखतो म्हणून तो एकटा उतरत नाही. त्याच्यासाठी त्या उठतात. त्याला धरून खळ्यात एक फेरी मारतात, मग त्याची पेज कोमट करतात आणि ती करताना स्वतःचा चहा ठेवतात. आमच्या दिवसाला सुरुवात अशी होते. श्वास मोजायचं काम मुलाने घेतलंय, वहीच्या मागच्या पानावर तारखेसमोर आकडा लिहितो. ही कामं आम्हाला जड नाहीत. सध्या घर म्हणून आमच्याकडे एवढंच आहे, आणि ते मी पुण्याला पाठवणार नाही.

डॉक्टर, एक्स-रे झाला. खालच्या बाजूला थोडा संसर्ग निघाला, औषध सुरू आहे. हृदय वयाच्या मानाने चांगलं आहे म्हणाले. वासे_आणि_रिपा, न्हाणीघरावर सिमेंटचे पत्रे होतेच! तुमचं वाचून काम थांबवलं.

---

सातबारा | २३ फेब्रुवारी

ताई, कागदांचं थोडं. तलाठ्यांचा पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिसांतली नोंद, या तिन्हींच्या प्रती जपून ठेवा. सरकारी मदत आणि विमा दोन्हीकडे लागतील. सरकारी आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत आग धरलेली आहे. पूर्ण गेलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये, शिवाय कपडे आणि भांडी यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी २,५०० अशी तरतूद आहे. दुभती गाय-म्हैस दगावली तर ३७,५००, शेळी-मेंढीला ४,०००. कुत्रं या यादीत नाही. त्यामुळे तांबूच्या उपचाराची बिलं तिथे लागणार नाहीत, पण ठेवा.

घराचा विमा असेल तर पॉलिसीचं नाव बघा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी सुरू झाली. तिच्यात इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, इतकं घरातलं सामान आपोआप धरलं जातं. राडारोडा उचलण्याचा खर्च आणि घर राहण्याजोगं नसताना दुसरीकडे भरलेलं भाडं हेही मर्यादेत मिळतं. बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून मागत नाहीत. विमा कंपनीचा सर्वेअर (नुकसान तपासणारा) येऊन जाईपर्यंत राडारोडा हलवू नका, फोटो काढा.

---

कोथरूडची_लॅब्राडॉर | २५ फेब्रुवारी

आमच्या फ्लॅटला दोन वर्षांपूर्वी आग लागली होती, म्हणून शहरातल्या लोकांसाठी लिहिते. आमच्याकडे लॅब्राडॉर. सगळ्यात जास्त दमवलं ते भाड्याच्या घराने. कुत्रं आहे म्हटलं की फोन बंद. सोसायटी बहुमताने ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक तेच सांगतं. पण घरमालकाशी होणारा करार वेगळा. त्यात पाळीव प्राणी नकोत असं कलम घातलं तर परिपत्रक दाखवून काही होत नाही. म्हणून करारातच कुत्र्याचा उल्लेख करून घ्या, लपवू नका. आम्ही लसीकरणाचं कार्ड, पालिकेचा परवाना आणि जुन्या शेजाऱ्यांचं पत्र घेऊन घरं बघायला जायचो. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने वरचा मजला दिला.

दुसरं म्हणजे, नव्या जागेत कुत्र्याचं अंथरूण न धुता न्या. सगळं नवीन असताना तेवढा एक वास त्याच्या ओळखीचा असतो. आमचं अंथरूण जळालं होतं, मग मी नवऱ्याचा घामेजलेला टी-शर्ट दिला. त्यावर झोपायला लागली.

---

पॅसाडेनाहून_पमी | २६ फेब्रुवारी

चिरेबंदी, तुमचा धागा रात्री जागून वाचला. जानेवारीत आमच्या शेजारचं आल्टाडीना गाव कॅलिफोर्नियातल्या 'ईटन' वणव्यात गेलं. नऊ हजारांहून जास्त इमारती. आम्ही दोन तासांत बाहेर पडलो, घर वाचलं, ऑफिसातल्या दोघांची गेली. पॅसाडेना ह्युमेन या संस्थेने त्या दिवसांत हजाराहून जास्त जनावरं घेतली, कुत्री, मांजरं, कासवंसुद्धा. कित्येकांची माणसं मायक्रोचिपमुळे सापडली.

ठकीसारखंच इथेही बघितलं. मैत्रिणीचा कुत्रा हॉटेलच्या खोलीत खात नव्हता. जळक्या प्लॉटवर नेलं की शांत बसायचा. सल्लागाराने सांगितलं, जागेपासून तोडू नका, पण जागेवर एकटं सोडू नका. रोज ठरलेल्या वेळी जा, तुम्ही सोबत बसा आणि तुम्हीच उठवून परत आणा. तिला ते लागू पडलं. ठकी गावठी आहे, तिची एवढी चिंता नको असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

---

चिरेबंदी | १७ मार्च

शिमग्याची भीती होती. आमच्या गावची होळी पौर्णिमेची, १३ तारखेची. रात्री होम पेटला की धूर थेट वाडीवर येतो, आणि आगीनंतर चुलीचा धूर जरी आला तरी ठकी थरथरते. नवरा दोघांना घेऊन संध्याकाळीच सड्यावर, वरच्या मोकळ्या कातळावर गेला, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. भाकरी, सुकटीची चटणी आणि कुत्र्यांसाठी भात बरोबर. रात्री उशिरा, धूर बसल्यावर परतले.

पालखी आली तेव्हा मात्र ढोल टाळता येणार नव्हता. पालखीच्या मानकऱ्यांना मुलाने आधीच जाऊन सांगितलं होतं. बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या दाराशी, ढोल थांबला, पालखी नुसत्या सनईवर आत आली आणि जळक्या ओटीसमोर टेकली. गाऱ्हाणं घालताना त्यांनी घर उभं राहू दे म्हटलं आणि "तुझ्या या मुक्या लेकरांची पण राखण कर" असंही म्हटलं. सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. मोकळ्या झाल्या.

पमी, ठकीचं तुम्ही सांगितल्यासारखं करतोय. राडारोडा उचलून झाल्यावर जोत्यावर माती पसरली, त्यामुळे राख राहिली नाही. सकाळ-संध्याकाळ मी तिच्याबरोबर तिथे बसते, वाटाणे सोलते, तांदूळ निवडते. उठले की तीही उठते. तांबूच्या पंजांना नवं कातडं आलंय, गुलाबी आणि पातळ. श्वास बावीस-चोवीसच्या आसपास.

कामाच्या वेळेसाठी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत जुन्या आंब्याखाली जाळी लावून आवार केलंय. तिथून त्यांना आम्ही आणि घर दोन्ही दिसतं. गवंड्यांशी पहिल्याच दिवशी बोलले: जाळीचं दार फक्त घरातलं माणूस उघडेल, आणि डब्यातली हाडं कुणी टाकायची नाहीत. त्यातला एक तरुण मुलगा कुत्र्यांना घाबरायचा. आता जेवायच्या सुट्टीत जाळीला टेकून बसतो.

---

वासे_आणि_रिपा | १८ मार्च

उत्तम. वाळवीचा फवारा करणार असाल तर आधी कळवा.

---

चिरेबंदी | २ एप्रिल

पाडव्याला आढं चढवायचा मुहूर्त केला. जुनंच, तासून घेतलेलं. सुतार म्हणाला, आत दगड आहे दगड. वाळवीचा फवारा पुढच्या आठवड्यात आहे. काय जपू?

---

गुरांचा_डॉक्टर | २ एप्रिल

इथे मी व्यवहारींच्या बाजूने आहे. फवाऱ्याच्या दिवशी कुत्री आवारात नकोतच. औषधाचं नाव विचारा. क्लोरपायरिफॉस असेल तर ते ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे मज्जासंस्थेवर चालणारं विष आहे. कुत्र्याच्या पोटात किंवा अंगावर गेलं तर लाळ गळते, उलट्या होतात, स्नायू फडफडतात, श्वास अडतो. ॲट्रोपिन हा उतारा वेळेत मिळाला तर जनावर वाचतं. डबा आणि लेबल जपून ठेवा, डॉक्टरला तेच आधी दाखवायचं.

---

वासे_आणि_रिपा | ३ एप्रिल

आयएस ६३१३ या भारतीय मानकात वाळवी प्रतिबंधाची पद्धत दिलेली आहे, कंत्राटदाराला त्याप्रमाणेच करायला सांगा. माती औषध पिऊन पूर्ण सुकेपर्यंत आणि वर कोबा होईपर्यंत ठकीचं जोत्यावर बसणं बंद. औषध कालवलेलं पिंप लगेच उचलून न्यायला लावा. क्युरिंगच्या पाण्याची पिंपं झाकून ठेवा, कुत्री तहान लागली की तिथेच तोंड घालतात. ओल्या सिमेंटवर पाय पडला तर लगेच धुवायचा, तेही चांगलंच जाळतं.

---

व्यवहारी | ३ एप्रिल

माझं नाव निघालं म्हणून लिहितो. त्या चार-पाच दिवसांसाठी माझ्या मामांचं घर साखरप्याला आहे, बाग कुंपणाची आहे, ते एकटेच असतात आणि कुत्र्यांचे शौकीन आहेत. सासूबाईंनाही घेऊन जा, म्हणजे तांबूला अनोळखी वाटणार नाही. निरोपात नंबर पाठवतो.

---

रानवाट | ३ एप्रिल

व्यवहारी, __/\__

---

चिरेबंदी | २८ मे

वेळच झाला नाही लिहायला. व्यवहारींच्या मामांकडे दोन्ही कुत्री आणि सासूबाई राहून आल्या. मामांनी सासूबाईंना पितळेचा एक तांब्या दिला, तो त्या कुणाला हात लावू देत नाहीत.

आमचा सगळा हिशोब मृगाचा होता, ७ जूनचा. यंदा पाऊस मे महिन्याच्या विशीतच कोसळायला लागला, २५ तारखेला मान्सून देवगडला आला आणि २६ ला मुंबईत. आमची मागची पाखी, म्हणजे छपराचा मागचा उतार, अजून उघडी होती. वाडीतली माणसं पुन्हा धावली. आग विझवणारेच सगळे. रात्री बॅटरीच्या उजेडात कौलं हातोहात वर गेली. गोठ्यात पाणी शिरलं म्हणून कुत्र्यांना त्याच रात्री नव्या घरात घ्यावं लागलं. तांबू सरळ माजघरात जाऊन सासूबाईंची खाट असायची त्या कोपऱ्यात आडवा झाला. ठकी उंबऱ्यावर थांबली. आत नवीन वार्निशचा, चुन्याचा वास. कुणी ओढलं नाही. मुलगा उंबऱ्याच्या आत बसून तिला एकेक घास भात देत राहिला, प्रत्येक घास थोडा आतल्या बाजूला. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती चारही पायांनी आत होती.

गिलावा, खिडक्या, न्हाणीघर बाकी आहे. आरसीसीबी बसली. दाराशेजारी खुंटी मारून दोन्ही पट्टे तिथे टांगलेत, खाटांचे पाय उंच करून घेतलेत म्हणजे खाली कोण शिरलंय ते दिसेल. तांबूचा खोकला गेला. पावसात पंजे दुखतात, लंगडतो थोडा.

---

भुईंज_फाटा | १९ जून

नवीन सभासद आहे, धागा शोधत आलो. परवा आमच्या दुकानाला आणि वरच्या घराला आग लागली. कुत्री आठ वर्षांची, धुरात बराच वेळ होती. काल बरी वाटली, आज खात नाही आणि झोपेत श्वास जोरात चालतोय. दवाखाना सकाळी उघडतो. थांबू का?

---

चिरेबंदी | १९ जून

दादा, थांबू नका. आत्ता छाती वर-खाली होताना एक मिनिट मोजा आणि आकडा इथे टाका, हिरड्यांचा रंगही. तोवर भुईंजजवळ, साताऱ्यात रात्री बघणारे डॉक्टर कुणाला माहीत असतील तर लगेच लिहा. गुरांचा_डॉक्टर यांना मी फोन लावतेय.

---

गुरांचा_डॉक्टर | १९ जून

आलोय. आकडा सांगा. गाडी काढायला लावा, मोजणं गाडीतही होतं. तिला सरळ पालथी बसू द्या, कुशीवर दाबून झोपवू नका, तोंडात पाणी किंवा औषध घालू नका, काचा उघड्या ठेवा. पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की परवा धुरात सापडली होती, ऑक्सिजन लागेल.